डोंगर खाली असतो

सराफा बाजाराच्या तोंडाशी गराडूची, तळलेल्या कंदाची, कढई लागली की इंदूरकर ट्रंकेतून स्वेटर बाहेर काढतात, कॅलेंडर बघत बसत नाहीत. परवा संध्याकाळी कामावरून येताना मीही तिथे थांबलो. कढईतून निघालेले लालसर तुकडे, वर जिरावन मसाला, वर लिंबू. द्रोणावर कागद दाबून घरी आणले. म्हटलं, बायको खूश होईल. रेवतीने द्रोण हातात घेतला, डोळे मिटून लांब वास घेतला आणि परत माझ्या हातात दिला.

"तू खा. मला नको."

"का? पोट बिघडलंय?"

"नाही रे यार. असंच."

ते 'असंच' माझ्या ओळखीचं होतं. गेल्या वर्षीच्या हिवाळ्यात बायकोने दिवाळीनंतर तळलेलं काही तोंडात घातलं नव्हतं. गराडूचा नुसता वास घ्यायची आणि द्रोण मला द्यायची. तो हिवाळा संपताना तिचा गुडघा गेला. तो अजून तसाच आहे. मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच सगळे गराडू संपवले आणि त्यांची चव काय होती हे मला आता सांगता येणार नाही.

मी मूळचा वाईकडचा. आमच्याकडे डोंगर डोक्यावर असतो. दार उघडलं की समोर उभा, आणि दुपारनंतर त्याची सावली अंगणात. पोलोग्राउंडच्या एका जुन्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून इंदूरला आलो, इथल्याच मराठी घरातली बायको केली, आणि पहिलं वर्षभर सगळ्यांना विचारत सुटलो, तुमच्याकडे डोंगर कुठे? कोणी गावाबाहेरची एक टेकडी दाखवली. मी हसलो. रेवती चिडली. ती शाळेत भूगोल शिकवते, तेव्हा हा अपमान तिच्या माहेराचाही होता आणि विषयाचाही.

"चल, बस गाडीवर," म्हणाली. इंदूरबाहेर, सिमरोलच्या पुढे गव्हाची शेतं सरळ सपाट चालली होती, लसणाचा वास येत होता, आणि एका वळणावर जमीनच संपली. खाली जंगल, चोरलची नदी, त्याच्यापलीकडे निमाडच्या सखल मुलखाचा धुरकट उजेड. रेवतीने हात पसरला. "हा बघ. आमचा डोंगर खाली असतो."

मला तेव्हा ती गंमत वाटली. माळव्याच्या पठारावरचा माणूस जन्मतःच माथ्यावर उभा असतो. त्याला चढायचं असेल तर आधी उतरावं लागतं, आणि मग चढ त्याला घराकडेच आणतो. वाईचा मी, मला डोंगर चढणं म्हणजे घरापासून लांब जाणं. रेवती मात्र घाट चढायची तेव्हा तिच्या चालीत शाळा सुटलेल्या पोरीची घाई असायची. ती इतकी वेगात का चढते ह्याचं उत्तर मला कुठल्या व्यायामशास्त्रात सापडलं नाही, ते मी ह्या भूगोलात शोधलं.

ती धावायला लागली लग्नानंतर, वजन कमी करायला. हौस म्हणून घाटात गेली आणि धावणं शिकवणाऱ्या पाटीदार सरांच्या नजरेत भरली. सर इंदूरजवळच्या बेटम्याचे, उंच, मफलर कानांवरून गुंडाळलेला, बोलणं अर्धं मालवी बोलीत. आठवड्यातून चारदा पहाटे तिच्या सरावासाठी बेटम्याहून मोटरसायकलवर यायचे, कोणी सांगितलं नसताना. त्यांनीच पहिल्यांदा सांगितलं की डोंगरावर धावण्याची जगाची स्पर्धा असते, आल्प्सकडे, देशाचा संघ जातो, आणि "अपनी रेवती मॅडम जा सकती हैं, समीरजी. लिख के ले लो."

त्या रात्री रेवती जेवत होती. मग एकदम म्हणाली, "रोज वर्गात मी आल्प्स दाखवते. नकाशावर, बोटाने. मला एकदा पायाने बघायचा आहे." पस्तिशीकडे निघालेली बाई. आयुष्यात हिने माझ्याकडे साडी मागितली नाही, मागितला तो आल्प्स.

त्या हिवाळ्यातल्या पहाटा आत्ता डोळ्यांसमोर येतात त्या क्रमाने येत नाहीत. कधी आधी ट्रकच्या ब्रेकचा जळका वास येतो, उतरणाऱ्या गाड्यांचा, तो घाटभर भरून असायचा. कधी भेरूबाबाच्या देवळातली घंटा. ड्रायव्हर लोक गाडी हळू करून हात जोडतात, थांबणारा थांबतो, खोबऱ्याचा तुकडा देतो. कधी गाडीच्या काचेवरची वाफ आणि त्यावर रेवतीने बोटाने काढलेला डोंगर. पण दिनक्रम ठरलेला होता. मी तिला गाडीत घालून घाटाच्या पायथ्याशी न्यायचो. खाली हवा ऊबदार असते, निमाडची. तिथे ती जाकीट काढून माझ्याकडे फेकायची आणि रस्त्याच्या कडेने वर जाणाऱ्या कच्च्या वाटेला लागायची. मी गाडीने वर येऊन थांबायचो. जसजशी ती वर यायची तसतशी तिच्या तोंडातून वाफ निघताना दिसायची. वर पोचली की कमरेवर हात ठेवून मला म्हणायची, "चल, परत खाली." पुन्हा गाडी, पुन्हा पायथा.

म्हणजे खाली नेहमी गाडी आणि वर नेहमी पाय. हे आम्हाला कोणालाच खटकलं नाही. सरांना मी एकदा विचारलं होतं, उतरायचा सराव नको का? त्यांनी माझ्याकडे दयेने बघितलं. "उतरने की क्या प्रॅक्टिस, भिया? उतरना तो अपने आप हो जाता है." आणि मग, "टांगें बचाओ मॅडम की. चढाई का साल है."

चढाईचं साल म्हणजे काय, ते मी गाडीत तिची वाट बघत बसायचो तेव्हा मोबाईलवर वाचून काढलं. ह्या शर्यतींचा इतिहास मोठा मजेदार आहे. स्कॉटलंडात अशी दंतकथा सांगतात की एका राजाला चपळ निरोप्या हवा होता म्हणून त्याने माणसं टेकडीवर पळवली. इंग्लंडातल्या डोंगराळ गावांत जत्रा भरायच्या, आणि जत्रेत मेंढपाळ गावामागच्या डोंगराला हात लावून परत यायचे. जत्रा खाली, लोक खाली, बक्षीस खाली. तेव्हा वर जाणाऱ्याने खाली येणं ओघानेच आलं. तिकडे आल्प्समधल्या लोकांची तऱ्हा वेगळी. त्यांची शर्यत माथ्यावर संपते. धावणाऱ्यांचे गरम कपडे पिशवीत घालून आधीच वर पाठवतात आणि शर्यत झाली की सगळ्यांना गाडीत नाहीतर तारेवरच्या पाळण्यात बसवून खाली आणतात. पुढे सगळे देश एकत्र आले, जागतिक स्पर्धा सुरू झाली, तेव्हा खरी शर्यत कोणती, नुसती चढाची की चढ-उताराची, हा प्रश्न आलाच. त्यांनी तो आपल्या सासर-माहेरच्या सणांसारखा सोडवला. एक वर्ष तुमचं, एक वर्ष आमचं. एक साल फक्त चढाई, पुढचं साल चढाई-उतराई.

मला त्या वाटणीचं हसू यायचं. मनात यायचं, ह्या बैठकीत माळव्याचं कोणी नव्हतं. असतं तर तो म्हणाला असता, भिया, आधी उतरायचं, मग चढायचं, आणि जो घरी आधी पोचेल तो पहिला. तशी शर्यत जगात कुठेही होत नाही.

सरांना ही सालांची वाटणी तोंडपाठ होती. तरुणपणी ते ती शिकले आणि मग त्यांनी ती कधी तपासली नाही. ती व्यवस्था मोडून आता दोन्ही शर्यती एकाच वेळच्या स्पर्धेत होतात, हे पुढच्या पानावर होतं. मी त्या पानापर्यंत गेलोच नाही, रेवती वर पोचायची आणि मोबाईल खिशात जायचा.

निवड चाचणी उत्तरेकडच्या एका पहाडी गावात होती. तिकडे जायला निघालो तेव्हा आमच्या घाटात पळस फुलला होता हे आठवतं. आदल्या दिवशी दुपारी आयोजकांनी सगळ्यांना शाळेच्या मैदानात जमवलं. एका गृहस्थाने पाठीमागच्या डोंगराकडे बोट केलं, बोट वर नेलं, माथ्यावरच्या झेंड्याभोवती फिरवलं आणि त्याच वाटेने खाली आणून मैदानात ठेवलं.

रेवतीने हात वर केला, वर्गात मुलं करतात तसा. "सर, फिनिश ऊपर नहीं है?"

"ऊपर क्या है मॅडम? चाय भी नहीं मिलती." सगळे हसले. मग त्यांनी समजावून सांगितलं, नीट, आपुलकीने. परदेशात दोन शर्यती असतील, इथे मात्र दोन वेगळ्या चाचण्या घेणं जमत नाही. एकच शर्यत, वर आणि खाली, त्यातूनच सगळा संघ.

पाटीदार सर माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी मफलर सोडला, पुन्हा बांधला, पुन्हा सोडला. रेवती त्यांच्यासमोरून सरळ खोलीकडे निघाली. खोलीवर आल्यावर मला म्हणाली, "काही नाही रे. चढताना इतकी पुढे जाईन ना, की उतरताना कोणी गाठूच नाही शकणार." तिच्या आवाजात जी हुशारी होती ती ऐकून मला रडायला आलं.

मी तिचं जाकीट घेऊन माथ्यावर जाऊन उभा राहिलो. तसं करायचं काही कारण उरलं नव्हतं, पण इतक्या पहाटांची सवय. आणि खरंच, झाडी संपते तिथून पहिली बाहेर आली ती रेवती. मागे कोणी दिसत नव्हतं. तिने झेंड्याला वळसा घातला, मला बघितलं आणि हसली. घामाने लाल झालेला चेहरा, सुटलेला केसांचा बुचडा. माझ्या बायकोचं इतकं सुंदर रूप मी आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. मग ती वळणाखाली गेली आणि दिसेनाशी झाली.

त्यानंतर त्या पहाडी मुली आल्या. त्यांनी झेंडा गाठला तेव्हा त्या दमल्या होत्या, रेवतीपेक्षा कितीतरी जास्त. पण झेंडा ओलांडला आणि त्यांचं अंग बदललं. हात पसरून, पाय मोकळे सोडून त्या उतारावरून अशा गेल्या की धावणं हा शब्द त्याला बरोबर नाही. लहानपणापासून शाळेला उतरत गेलेल्या मुली. त्यांना उतरणं येत होतं आणि माझ्या बायकोला ते कोणी शिकवलं नव्हतं.

मी धडपडत खाली पोचलो तेव्हा ती मैदानाच्या कडेला उजवा पाय सरळ करून बसली होती. ती पोचली होती. संघात जेवढ्या घ्यायच्या होत्या त्यांच्या लगेच मागे. गुडघा लिंबाएवढा नाही, पपनसाएवढा सुजला होता. दर पावलाला घाबरून ब्रेक लावत आली, आणि सगळा भार गुडघ्याने घेतला. मला बघून म्हणाली, "जाकीट दे." बस. सर आमच्यापासून लांब, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभे होते. ते परतीच्या गाडीत आमच्या डब्यात आले नाहीत.

इंदूरच्या डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरला. गुडघ्याच्या वाटीमागची गादी फाटली आहे म्हणाले. मग जे सांगितलं ते मी अजून घोळवतोय. "चढिए आराम से. उतरिए मत." मी विचारलं, डॉक्टरसाहेब, जो चढेल तो उतरणारच ना? ते म्हणाले, लिफ्ट आहे की. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो.

तेव्हापासून ती जिना उलटा उतरते. तोंड वरच्या पायऱ्यांकडे, कठड्याला दोन्ही हात, एक पाय मागे, मग दुसरा. मी एक पायरी खाली. शेजारी पहिल्यांदा गमतीने म्हणाले, "क्या भाभीजी, उल्टी गंगा?" मग त्यांनाही कळलं आणि त्यांनी बोलणं सोडलं. सासूबाई येतात तेव्हा वरून डोकावून बघतात. "सरळ उतर ना गं, बिल्डिंगचे लोक काय म्हणतील?" आणि मला स्वयंपाकघरात बोलावून, डोळे पुसत, "जावईबापू, आमची ही ना, लहानपणापासून अशीच जिद्दी. तुम्हीच काही करा." मी काय करणार? चढताना ती माझ्या पुढे असते. दोन-दोन पायऱ्या. तिसऱ्या मजल्याच्या दारात उभी राहून कुलपाची किल्ली वाजवत माझी वाट बघते.

उतार ह्या शब्दाचा मला राग यायला लागला आहे. वर्षानुवर्षं किती विश्वासाने वापरला. आईच्या तापाला उतार पडला की घरात चहा व्हायचा. पूर उतरला, राग उतरला, ओझं उतरलं. आपल्या भाषेत जे उतरतं ते बरंच होतं. मला त्या शब्दाच्या आत कधी दगड लागला नव्हता. आता बायको जिन्याच्या तोंडाशी येऊन "समीर" अशी हाक मारते तेव्हा तो लागतो, रोज.

तर परवा तिने गराडू परत दिले आणि मी समजलो. चाचणीचा निरोप तिच्या मोबाईलवर आला होता. ह्या वर्षीही तसंच. एकच शर्यत, वर आणि खाली.

"वेडी आहेस का?" मी ओरडलो. मी सहसा ओरडत नाही. "उतरणार कशी?"

"उलटी."

"काय?"

"जिना उतरते ना मी? तशीच. थोडी फास्ट. नियमात कुठे लिहिलंय की तोंड खाली करूनच उतरायचं?" ती शांत होती, त्याचीच मला भीती वाटली. "तू वाच. तुला सवय आहे वाचायची."

मी वाचलं. ह्या वेळी शेवटच्या पानापर्यंत वाचलं. तसं खरंच कुठे लिहिलेलं मला सापडलं नाही. सापडावं म्हणून मी किती जीव टाकून शोधत होतो ते तिला कळलं असेल. एका प्रौढ, शिकलेल्या, मुलांना अक्षांश-रेखांश शिकवणाऱ्या बाईने डोंगर उलटा उतरून देशाच्या संघात जायचं, ही कल्पना हसण्यासारखी आहे. मला हसू आलं नाही. पाटीदार सरांना तिने फोन केला, वर्षभरानंतर. स्पीकरवर होता. सगळं ऐकून ते म्हणाले, "मॅडम, मैं आऊँगा तो आपको मना ही करूँगा. इसलिए नहीं आऊँगा."

आज रविवार. सकाळी आम्ही पहिल्यांदाच गाडी वर ठेवली, घाटाच्या माथ्यावर, आणि पायी खाली निघालो. म्हणजे मी सरळ आणि ती उलटी. मी तिच्या वर, तोंड तिच्याकडे करून, तिच्या मागची वाट बघत आणि सांगत. डावीकडे हो. दगड आहे. आता माती. मूळ आहे, पाय उचल. ती माझ्या डोळ्यांत बघत होती, वाट तिला दिसतच नव्हती. रस्त्यावरून जाणाऱ्या एका ट्रकवाल्याने हॉर्न वाजवून काहीतरी ओरडून विचारलं. आम्ही लक्ष दिलं नाही. हळूहळू तिला लय सापडली. चाल वाढली, मग खरंच धाव म्हणता येईल असं काहीतरी झालं, आणि तिच्या चेहऱ्यावर आशा आली. ती आशा मला बघवेना. कारण चाचणीच्या डोंगरावर तिच्यासमोर मी नसणार. तिथे बाहेरच्या माणसाला धावणाऱ्याबरोबर उतरू देत नाहीत, मदत घेतली तर बाद करतात, हेही मी वाचलं होतं. मी सांगायचा थांबलो.

ती आणखी तीन-चार पावलं तशीच गेली. मग एक दगड टाचेखाली फिरला आणि ती खाली बसली. लागलं नाही. नुसती बसली, मातीत, माझ्याकडे तोंड करून.

"का थांबलास?"

मी तिच्या मागच्या उताराकडे बघितलं. तिला कळलं. वर्षभर न रडलेली माझी बायको तिथे रडली, आवाज करून, लहान मुलासारखी नाक पुसत. "नाही होणार रे, समीर. नाही ना होणार?" मग म्हणाली, "तूच सांग. सोडू का?"

हा प्रश्न तिने विचारावा म्हणून मी वर्षभरात नवस बोलायचा तेवढा बाकी ठेवला होता. उत्तर तयार होतं. सोड, म्हणणार होतो, पुरे झालं, माझ्यासाठी सोड. ते माझ्या ओठांवर आलं आणि मला माथ्यावर झेंड्याला वळसा घालणारा तो लाल चेहरा दिसला. ते मी गिळलं. तिने मान हलवली. मी न बोललेलं ते 'सोड' तिने ऐकलं होतं.

"चल," म्हणाली. "गाडी वर आहे."

ती उठली, कपडे झटकले आणि घाटाकडे तोंड केलं. पहिली काही पावलं चालली. मग धावायला लागली. गुडघा कुरकुरला नाही, चढावर तो कधीच कुरकुरत नाही. मी मागून जायचा प्रयत्न केला आणि पहिल्याच वळणावर माझा दम गेला. ती वर वर जात राहिली, हात हलके, पाठ सरळ, तोंडातून वाफ, जणू आत्ता कोणी रडलंच नव्हतं. भेरूबाबाच्या वरचं शेवटचं वळण तिच्यासमोर आलं. त्याच्यापुढे गव्हाची शेतं, सपाट, थेट इंदूरपर्यंत. तिथे पोचली की तिच्यासाठी चढायला काही उरणार नव्हतं. देवळासमोरून जाताना हात न जोडणारा मी, खाली वाटेत धापा टाकत उभा राहिलो आणि हात जोडले. म्हटलं, अजून थोडा चढ असू दे.